सुपावर लावलेलं घड्याळ

'समर ट्रेनिंग' हे दोन शब्द कानावर पडले की आजही माझं डोकं फिरतं. आता त्याला इंटर्नशिप म्हणतात. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका कॉलेजातल्या बाईंचा फोन आला, आवाजात साखर घोळलेली. 'मॅडम, तुम्ही एवढ्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालात, आमच्या एमबीएच्या मुलांशी बोला ना. विषय सोपा आहे, उन्हाळी इंटर्नशिपचा विद्यार्थ्यांना आणि कंपन्यांना होणारा फायदा.' मी म्हटलं, फायदा झाला हो, दोघांनाही झाला, भरपूर झाला. ज्यांच्या पाठीवर उभं राहून तो झाला, त्यांच्याबद्दल बोललेलं चालेल का? बाई नंतर कळवते म्हणाल्या. अजून त्यांनी कळवलेलं नाही. तेव्हा तिथे जे बोलू दिलं नसतं ते इथे लिहिते. लिहिताना राग येणार, आणि तो गिळायचा माझा विचार नाही. आयुष्यभर गिळलाच आहे.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापासून पायी तासाभराच्या वाटेवर. घर ढिवराचं. बाबा तळ्यावर जाळं टाकायचे, त्यामुळे अंगणात कायम ओल्या जाळ्याचा वास आणि पोत्यावर वाळत घातलेले झिंगे. माय मात्र मूलच्या राईस मिलमध्ये कामाला जायची. तांबडं फुटायच्या आत तिची चूल पेटलेली असे. डब्यात भात, आटवलेली लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी. उन्हाळ्यात सोबत आंबिलीची बाटली. आमच्या मोहल्ल्यातल्या पंधरा बायका एकत्र निघायच्या. त्यांचा आवाज तळ्याच्या पाळीवरून लांबपर्यंत ऐकू यायचा, कुणाच्या सुनेची चेष्टा, कुणाच्या नवऱ्याचा उद्धार. मिलचा भोंगा वाजायच्या आत त्या टिनाच्या शेडखाली जाऊन बसलेल्या असत. संध्याकाळी माय परतायची ती भुवया-पापण्यांसकट पांढरी होऊन. अंगणाच्या कोपऱ्यात ती लुगडं झटकायची आणि शेजारच्या कोंबड्या धावत यायच्या. पदराच्या गाठीला कणी असायची. तांदूळ निवडताना जी तुटकी कणी खाली पडायची ती बायकांनी न्यायची, असा मिलचा जुना रिवाज. त्या कणीचा मऊ भात आणि वर भाजलेल्या झिंग्यांची चटणी हे माझ्या लेखी अजूनही जगातलं उत्तम जेवण आहे, आणि मी पंचतारांकित हॉटेलांतली जेवणं पुष्कळ जेवले आहे.

सुट्टीत मी मायबरोबर मिलमध्ये जायची, म्हणून ते काम मला लहानपणापासून ठाऊक. यंत्रातून तांदूळ बाहेर पडायचा त्यात खडे असत, काळे दाणे असत, न सोललेलं धान असे. बायका सुपाने तो पाखडायच्या, निवडायच्या आणि टोपली भरली की हमालाला हाक मारायच्या. सगळ्यांत म्हातारी शेवंतामावशी. आमच्या घराला तिची भिंत लागून. तिनेच मायला पहिल्यांदा मिलमध्ये नेलं होतं आणि सूप कसं धरायचं ते मलाही तिनेच शिकवलं होतं. तिची नजर आता अधू झाली होती, हात हळू चालायचा. पण ते कधी कुणाला कळलं नाही, कारण आजूबाजूच्या बायका आपल्या सुपातले निवडलेले तांदूळ येताजाता तिच्या टोपलीत टाकायच्या. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, तिनेही कधी आभार मानले नाहीत. गरोदर बाईला तसंच, तापातून उठलेलीला तसंच. मधूनमधून गाणं चालायचं. पट्टा बदलायला मिल थांबली की तंबाखू मळली जायची, पाणी पिऊन पाय लांब करून बसायचं आणि पुन्हा सूप हातात. दिवस संपेपर्यंत तांदूळ निवडून झालेला असे. कधीच राहिला नव्हता.

अशा घरातून मी नागपूरला एमबीएला कशी पोचले ती कथा वेगळी आहे. तिथे पहिलं वर्ष संपत आलं आणि समर ट्रेनिंगची लगबग सुरू झाली. ज्यांचे बाप, काका, मेव्हणे कंपन्यांमध्ये होते त्यांना मुंबई-पुण्याच्या जागा आधीच ठरलेल्या. आम्ही चारपाच जण उरलो, ज्यांना ओळख देणारं कुणी नव्हतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तुमच्याकडे इंडस्ट्री काय आहे?" मी म्हटलं, "राईस मिल." सर हसले, पण पत्र दिलं. विषयही त्यांनीच ठरवून दिला, कामगारांच्या उत्पादकतेचा अभ्यास. प्रत्येक कामगाराचं काम वेगळं मोजायचं, वेळ लावून, असं त्यांनी दोनदा बजावलं आणि कॉलेजचं स्टॉपवॉच माझ्या नावावर लिहून दिलं. पैसे कुणी द्यायचे नव्हते. शिकायला मिळतंय हेच विद्यार्थ्याचं मानधन, असं सर म्हणायचे. आणि मालकाला काय मिळतं? त्याला दोन महिने फुकटात एक शिकलेलं माणूस मिळतं, जे मालकाला तोंडावर बोलायला धजत नाही आणि जे त्याच्या कामगारांना आपलं वाटतं. हे दुसरं मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. शेठला मात्र ते पहिल्या दिवशीच कळलं असावं.

शेठ माणूस गोड. त्याने पत्र वाचलं, मला खुर्ची दिली, चहा मागवला. "कोणाची पोट्टी म्हणाली तू?" मी मायचं नाव सांगितलं. "अरे वा! आपल्याच घरची हाय मंग." खिडकीतून शेड दिसत होती. माय सूप हातात धरून तशीच थांबली होती, शेजारणीला कोपराने ढोसून ऑफिसकडे दाखवत होती. शेठसमोर खुर्चीवर बसून कपबशीने चहा पिणारी त्या मोहल्ल्यातली मी पहिली. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? फार आवडलं.

पहिले दोन दिवस बायकांनी माझी यथेच्छ टर उडवली. मी घड्याळ घेऊन समोर बसले की त्यांच्यातली गंगूबाई म्हणायची, "सुमे, माह्या नवऱ्याले लाव नं थे घड्याळ, किती वेळ झोपते थो." त्या नेहमीच्या चालीने काम करत होत्या, गात होत्या, तंबाखू मळत होत्या. मी एका कागदावर नावांऐवजी एक ते पंधरा क्रमांक टाकून प्रत्येकीची टोपली भरायला लागणारा वेळ लिहीत होते. मायचा क्रमांक चार. मी शेवंतामावशीच्या टोपलीत कुणी तांदूळ टाकू लागलं की हात आडवा करायची. "तसं नाही चालत, ज्याचं त्याने भरायचं." बायकांना ते विचित्र वाटलं, पण पोरीचं शिक्षण आहे म्हणून त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना मायने विचारलं, "हा तुहा पेपरच हाय का वं एक परकारचा?" मी थकले होते. उत्पादकता, प्रकल्प, अहवाल, हे सगळं तिला समजावत बसायचा मला कंटाळा आला. मी म्हटलं, "हो, तसंच समज." "मंग याच्यावर मार्क भेटते?" "भेटतात." ती थोडं चालली आणि म्हणाली, "म्हणजे आमी जसं करू तसे." मी हसले आणि हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा गाणं नव्हतं. पंधराही जणी मान खाली घालून सुपं चालवत होत्या, अशा की मधे श्वास घ्यायला थांबल्या तर माझा पेपर बुडेल. गंगूबाईने तंबाखूची डबी घरीच ठेवली होती. मी पाणी प्यायला सांगितलं तर एकजण म्हणाली, "तू लिव ना बाई, आमचं पाणी कुठी पळून जाते?" टोपल्या भराभर भरत होत्या. हमाल ओरडला, आज अंगात आलं का तुमच्या? शेवंतामावशीचा जीव अर्धा झाला होता. तिची लुगड्याखालची मांडी थरथरताना मला दिसत होती. मी जवळून गेले तेव्हा तिने वर न बघता विचारलं, "माही टोपली कमी तं नाई पडत ना वं? तुहं नुस्कान नको व्हायले." मी म्हटलं, "नाही मावशी, ठीक आहे." ठीक नव्हतं. माझ्या कागदावर तिचा आकडा सर्वांत खाली होता. पण बाकीचे आकडे असे चढले होते की माझे डोळे चकाकले. असं बारा दिवस चाललं. बारा दिवस त्या बाया माझ्यासाठी धावल्या, आणि मी समोर बसून घड्याळ दाबत राहिले. रात्री मायला खांदा उचलवेना, तरी ती बाबांना सांगायची, पोरीचा पेपर मस्त चालू हाय.

इथे माझ्या हातून जे झालं ते मी आजवर कुणापुढे मान्य केलेलं नाही. अहवाल लिहायला बसले तेव्हा पहिल्या दोन दिवसांचे आकडे माझ्यासमोर होते. तेच खरे होते. ते घेतले असते तर निष्कर्ष निघत होता की पंधरा बायका पंधरा बायकांचं काम करतात. त्यात सांगण्यासारखं काय? कुठला परीक्षक त्याला मान डोलावणार? मी त्या दोन दिवसांवर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'निरीक्षणाचे प्रारंभीचे अस्थिर दिवस वगळले आहेत.' पुढचे बाराच दिवस धरले. मग तक्ता सुबक झाला. नऊ कामगारांत हे काम होऊ शकतं असं शेवटच्या पानावर चौकटीत आलं. त्या नऊ जणी आयुष्यात एकदा नाही, रोज तशा धावू शकतील का, त्या धावल्या कुणासाठी, याला त्या चौकटीत जागा नव्हती. कुणी विचारलंही नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी एवढंच विचारलं, की अशिक्षित बायकांकडून माहिती काढताना अडचण आली नाही का? कामगार क्रमांक चार ही माझी आई आहे, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "थोडं विश्वासात घ्यावं लागतं, सर." साहेबांनी मान डोलावली. वर्गात माझा अहवाल पहिला आला, आणि त्याच साहेबांच्या कंपनीने शिक्षण संपल्यावर मला नोकरी द्यायचं कबूल केलं. शेठने अहवालाची एक प्रत ठेवून घेतली आणि जाड कागदावर प्रशस्तिपत्र दिलं. असा सगळ्यांचा फायदा. ज्या कामाला शेठने शहरातला एखादा जाणकार बोलावला असता तर त्याची फी ऐकून तोंडचं पाणी पळालं असतं, ते त्याला दोन महिन्यांच्या चहात मिळालं.

नवं धान आलं की मिलचा हंगाम सुरू होतो. मी दिवाळीला घरी आले तेव्हा मोहल्ल्यात भलतीच शांतता होती. बोलावणं नऊ जणींनाच आलं होतं. तक्त्यातल्या खालच्या सहा जणी घरी बसल्या होत्या. शेवंतामावशी त्यांत, गंगूबाईही त्यांत. गंगूबाई मधल्या काळात बाळंत झाली होती, म्हणजे मी घड्याळ लावलं तेव्हा ती पोटुशी होती आणि मला तेही दिसत होतं. मायला काम होतं. पण पाळीवरून जाताना कुणी बोलत नव्हतं, उरलेल्या नऊ जणीसुद्धा पुढेमागे चालायच्या. आणि मिलमध्ये आता मुनीम माझा तक्ता भिंतीला लावून उभा राहायचा. ज्या वेगाने त्या बारा दिवस माझ्यासाठी धावल्या होत्या, तो आता रोजचा झाला होता. तंबाखू बंद, गाणं बंद, कणी नेणं बंद. कणी बंद करा असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. पण एकदा माणूस मोजायला लागला की कशाकशाला हात घालेल याला नेम नसतो.

मी तशीच मिलमध्ये गेले. शेठने पुन्हा खुर्ची दिली. मी उभी राहिले. म्हटलं, "शेठ, ते आकडे खरे नाहीत. बायका माझी परीक्षा आहे समजून धावल्या होत्या. एवढं काम रोज होत नाही."

"होऊन राह्यलं ना," शेठ म्हणाला. "पाय ना खिडकीतून."

"त्या मरतील अशाने."

"बेटा, मी काय माह्या मनानं केलं? शिकलेल्या माणसानं लिहून देल्लं, तुह्या कॉलेजचा शिक्का हाय त्याच्यावर. अन् तुह्या मायले तं ठेवलं ना मी?" माझ्याच तक्त्यात माय सहावी होती, त्यात याचे उपकार कसले! मी तसं बोलले, आवाज चढवून बोलले. शेठचा मात्र चढला नाही. त्याने कपाटातून माझा अहवाल काढला, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला, आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला. "असं कर. कॉलेजात जा, सायबाईले सांग, का मी खोटं लिहिलं. रिपोर्ट रद्द झाला असा त्याईचा कागद आण. दुसऱ्या दिवशी साही जणीईले बोलावतो, माही जबान हाय." मी अहवालाला हात लावला नाही. तो हसलाही नाही. "नाई जमत ना? मंग माह्यावर काऊन चिडतं?"

त्या माणसाचा मला आजही संताप येतो. तो बदमाष होता म्हणून नव्हे, बदमाष मी पुढे कितीतरी पाहिले. त्याने मला बरोबर ओळखलं होतं म्हणून. सुट्टी संपल्यावर मी नागपूरला गेले आणि सरांच्या केबिनबाहेर उभी राहिले. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. सर म्हणाले, "या, या, आमच्या टॉपर. काय काम काढलंत?" माझ्या पिशवीत मायने दिलेल्या करंज्या होत्या. मी म्हटलं, "काही नाही सर, दिवाळीचा फराळ आणला होता." सरांनी तिथेच एक खाल्ली आणि छान झाली आहे म्हणाले. कणीच्या तांदळाची पिठी होती तिच्यात, गेल्या हंगामातली.

संक्रांतीला घरी आले तेव्हा मोहल्ल्याच्या तोंडाशी जीपगाडी उभी होती. आमच्याकडची माणसं त्या दिवसांत मिरची तोडायला खाली तेलुगू मुलखात जातात, दोन-दोन महिने तिथेच राहतात. काम सुटलेल्या सहा जणींपैकी चौघी निघाल्या होत्या. गंगूबाई तान्हं पोर घेऊन मागे बसली होती. मी जवळ गेले तर तिने पोराच्या तोंडावर पदर ओढला. शेवंतामावशीचं गाठोडं टपावर चढलं होतं. मिरचीने धडधाकट माणसाचे डोळे जातात, हिचे तर आधीच अधू. ती गाडीकडून वळून आमच्या अंगणात आली. माय चुलीपुढे होती. मी दारात. मावशी बसली नाही.

"सुमे," ती म्हणाली, "एक इचारतो तुले. आमी तुह्यासाठी पळून राह्यलो होतो, थे तुले दिसे का नाई?"

मी म्हटलं, "दिसे."

"मंग काऊन नाई बोलली, का मावशी, पळू नका?"

माझ्याकडे इंग्रजीतली पुष्कळ उत्तरं होती. त्या अंगणात एकही कामाचं नव्हतं. मी म्हटलं, "मले पास व्हायचं होतं, मावशी."

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, काळा दाणा शोधताना पाहायची तसं. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते. ती म्हणाली, "पास तं तू तशीबी झाली असती, पोरी."

बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला. ती गेली. मायने मागे वळून पाहिलं नाही, चुलीत लाकूड सारत राहिली. मावशी बोलली ते खरं होतं. त्या दोन दिवसांच्या खऱ्या आकड्यांवरही मी पास झालेच असते. पहिली आले नसते, एवढंच.